डिस्पोजेबल की पुन्हा वापरता येणारं? रुग्णालयातली कोणती वस्तू पर्यावरणाला महागात पडते?

नर्सनं सिरिंजचं नवं पाकीट समोर फोडलं की रुग्णाला हायसं वाटतं. पण त्याच रुग्णालयात हातमोजे, नळ्या, गाऊन, मास्क असं बरंच काही रोज एकदा वापरून फेकलं जातं. जगातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा सुमारे ४.४ टक्के असल्याचा अंदाज ‘हेल्थ केअर विदाउट हार्म’ या संस्थेनं २०१९ मध्ये मांडला होता. मग सगळं पुन्हा वापरायचं का?

सिरिंजबाबत तडजोड का नाही?

पूर्वी काचेच्या सिरिंज उकळून वापरत. निर्जंतुकीकरणात हयगय झाली की संसर्ग पसरे. २००० या एका वर्षात अशा पुनर्वापरामुळे जगभरात २ कोटी १० लाख जणांना हिपॅटायटिस बी आणि २ लाख ६० हजार जणांना एचआयव्हीची लागण झाली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यामुळे सुई आणि सिरिंज एकदाच वापरायची.

मग पुन्हा काय वापरता येतं?

भूल देताना घशात नळी घालण्यासाठी लॅरिंगोस्कोप वापरतात. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासानुसार, त्याची एकदाच वापरायची प्लास्टिकची मूठ स्टीलच्या मुठीपेक्षा १६ ते १८ पट जास्त कार्बन उत्सर्जनाला कारणीभूत ठरते.

पुनर्वापर नेहमीच फायद्याचा असतो?

नाही. निर्जंतुकीकरणाला वीज लागते. मेलबर्नमधल्या एका रुग्णालयाच्या अभ्यासात (२०१७) भूल देण्याची साधनं पुन्हा वापरल्यानं खर्च ४६ टक्क्यांनी घटला, पण उत्सर्जन जवळपास १० टक्क्यांनी वाढलं. कारण तिथली वीज प्रामुख्यानं कोळशाची. हीच साधनं युरोपातल्या विजेवर निर्जंतुक केली असती, तर उत्सर्जन ८४ टक्क्यांनी घटलं असतं.

भारतासाठी हा मुद्दा कळीचा आहे. आपलीही बहुतांश वीज कोळशापासून येते. त्यामुळे ऑटोक्लेव्ह पूर्ण भरून चालवणं आणि रुग्णालयानं सौर वीज घेणं, यावर बरंच अवलंबून आहे.

पण कार्बन हाच एक निकष आहे का?

२०१६ च्या नियमांनुसार नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत जातात. त्या निर्जंतुक करून, तुकडे करून त्यांचं प्लास्टिक पुन्हा वापरात आणता येतं. रक्तानं माखलेला कापूस, ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत जातं आणि ते मुख्यतः भट्टीत जाळलं जातं. चुकून पीव्हीसी प्लास्टिक त्यात गेलं, तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात.

हा धूर कोणाच्या तरी दारात जातोच. मुंबईत गोवंडीतला असा प्रकल्प हलवावा म्हणून रहिवाशांना उच्च न्यायालयात जावं लागलं.

थोडक्यात काय?

रक्तात थेट जाणारी सुई एकदाच वापरायची. गाऊन, चादरी, स्टीलची उपकरणं नीट निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतात. आणि ज्या हातमोज्यांची गरजच नाही, ते न घालणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्यासाठी ना वीज लागते, ना भट्टी.