थंडीची मर्यादा कागदावर लिहा

फुटबॉल विश्वचषकातल्या सक्तीच्या पाणी-विश्रांतीचं या स्तंभात स्वागत केलं होतं. त्यावर या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं आणि ते डोक्यातून जात नाही. त्यांचं म्हणणं, खेळाडूंचे फार लाड चालले आहेत. खरी मर्दुमकी पाहायची तर कॅन्सस सिटीत उणे वीस अंशांत खेळणाऱ्यांची पाहा. सोबत तिथल्या चीफ्स संघाचे प्रशिक्षक अँडी रीड यांच्या गोठलेल्या मिशांचं छायाचित्र.

त्या छायाचित्राचं कौतुक मला आता सहन होत नाही. 13 जानेवारी 2024च्या त्या रात्री ॲरोहेड स्टेडियमवर चीफ्स आणि डॉल्फिन्स यांची एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगमधली प्ले-ऑफ लढत सुरू झाली तेव्हा पारा उणे 20 अंश सेल्सिअसवर होता. वारा धरला तर उणे 33. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सच्या हेल्मेटचा तुकडा उडाला, चीफ्स 26-7 जिंकले, हे सगळ्यांना आठवतं. त्या थंडीच्या लाटेत हिमदंश झालेल्या काही जणांची बोटं पुढे शहरातल्या रुग्णालयात कापावी लागली आणि त्यांत हा सामना पाहायला गेलेले प्रेक्षकही होते, हे मात्र कोणी सांगत नाही. अशा वाऱ्यात उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते. सामना तीन तास चालतो.

आता त्याच शनिवार-रविवारी बफेलोत काय झालं ते पाहा. तिथे बिल्स आणि स्टीलर्स हे संघ प्ले-ऑफमध्येच रविवारी दुपारी खेळणार होते. हिमवादळ येऊ घातलं, तिथल्या एरी काउंटीत वाहनबंदी लागू करायचं ठरलं आणि न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकुल यांनी शनिवारीच सांगून टाकलं की सामना सोमवारी होईल. लीगनेही सार्वजनिक सुरक्षेचं कारण दिलं. लोकांना तासावर पैसे देऊन बोलावलं, स्टेडियममधला बर्फ उपसून घेतला, सोमवारी खेळ झाला आणि बिल्स 31-17 जिंकले. एक दिवस उशीर झाला म्हणून त्या विजयाला कोणी कमी लेखलं नाही. प्ले-ऑफचा सामनाही पुढे ढकलता येतो, हे लीगने स्वतःच दाखवून दिलं.

मग कॅन्सस सिटीतच का नाही? कारण तिथले रस्ते उघडे होते. हिमवादळ रस्ता अडवतं, रुग्णवाहिका अडकवतं, पोलिसांना दमवतं, म्हणून सरकार मध्ये पडतं. नुसती थंडी काहीच अडवत नाही. ती मोज्यात शिरते. बोट आधी ठणकतं, मग बधिर होतं. दुखायचं थांबलं म्हणजे बरं वाटतंय असा माणसाचा समज होतो आणि नेमकं तेव्हाच नुकसान होत असतं. माणसं स्टेडियमपर्यंत पोहोचतील का, हा प्रश्न बफेलोत विचारला गेला. पोहोचल्यावर त्यांचं काय होईल, हा प्रश्न कॅन्सस सिटीत कोणाच्याच कामात बसला नाही.

सामन्यांच्या वेळा प्रक्षेपणवाले ठरवतात, हे मी लिहीतच आलो आहे आणि पुन्हा लिहितो. त्याच शनिवारी ह्यूस्टनमध्ये, छप्पर असलेल्या स्टेडियमवर, टेक्सन्स-ब्राउन्स सामना दुपारी साडेतीनला झाला. उघड्या ॲरोहेडला रात्रीचे सात मिळाले. दोन्ही शहरांचं घड्याळ एकच आहे. वेळांची अदलाबदल केली असती तर निदान सुरुवातीला तरी ऊन मिळालं असतं. पण रात्रीचा सामना फक्त एनबीसीच्या पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर दिसणार होता आणि त्यासाठी एनबीसीने सुमारे 11 कोटी डॉलर मोजले होते. एवढ्या पैशापुढे कोणी वेळ बदलायचं नाव काढणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

या लीगला जुन्या कथांचीही भुरळ आहे. 31 डिसेंबर 1967च्या ग्रीन बेमधल्या ‘आइस बाउल’मध्ये उणे 25 अंशांत पंचांची शिट्टी ओठाला चिकटली, बँडची वाद्यं गोठली, काही वादकांना रुग्णालयात न्यावं लागलं. यजमान पॅकर्सचा विजय थोर होता, यात वाद नाही. त्या दिवशी आजारी पडलेल्यांमुळे तो थोर झाला नाही.

ज्यांचा खेळच बर्फावरचा, त्या क्रॉस-कंट्री स्कीइंगवाल्यांनी उणे 20 ही मर्यादा नियमातच घातली आहे. मार्गावरच्या सर्वांत थंड ठिकाणी पारा त्याखाली गेला की शर्यत होत नाही. तिथले स्पर्धक सतत पळत तरी असतात. गॅलरीतला प्रेक्षक बसून असतो, वाहनतळावरचा पहारेकरी उभा असतो, आणि खेळाडूंसारखा गरम बाक दोघांनाही मिळत नाही. एनएफएलकडे असा आकडाच नाही. उणे 20 पटत नसेल तर डॉक्टरांना विचारून दुसरा ठरवा, त्यात वारा धरा, प्रेक्षक आणि कामगार धरा. पण मोसम सुरू होण्याआधी तो लिहून ठेवा, म्हणजे ऐन आठवड्यात निर्णय घेताना प्रक्षेपणाचा करार कोणाला आठवायची गरज पडणार नाही.