तो एक व्होल्ट खोडू नका!

मित्रांनो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं, शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण मुद्दा ऐका.

लॅबमधला लेव्हल ट्रान्समीटर 4 ते 20 मिलिअँपिअर करंट देतो. मायक्रोकंट्रोलरला कळतं व्होल्टेज. म्हणून लूपमध्ये 250 ओहमचा रेझिस्टर टाकायचा, त्याच्या दोन टोकांवर 1 ते 5 व्होल्ट मिळतात. शाळेतला ओहमचा नियम! व्हायव्हात हे सगळेच सांगतात. पण 4 पासून का, शून्यापासून का नाही, असं विचारलं की आपण एकमेकांची तोंडं बघतो.

आमच्या ग्रुपने प्रोग्रॅममध्ये 1 व्होल्ट वजा केला आणि उत्तर मायनस आलं तर सरळ शून्य धरलं. स्क्रीन कशी छान दिसायची! मग एके दिवशी टर्मिनलमधून वायर निसटली. करंटच नाही. स्क्रीन म्हणे 'टाकी रिकामी', पंप आपला चालूच. पाणी लॅबभर आणि आमच्या जर्नल्सवर. (त्यातली रीडिंग्ज मागच्या बॅचची होती, ती गोष्ट वेगळी.)

टाकी रिकामी असली तरी 1 व्होल्ट येतो. वायर तुटली तरच शून्य. हा फरक कळावा म्हणूनच तर तो व्होल्ट आहे, आणि आपण तोच खोडतो! सीनियर्स म्हणतात, एडीसीची 20 टक्के रेंज फुकट जाते. जाऊ दे ना! 10 बिटमध्ये 800 च्या वर पायऱ्या उरतात, एका टाकीला आणखी किती हव्यात?

आता 0.9 व्होल्टच्या खाली गेलं की पंप बंद आणि बझर चालू. जर्नल्स मात्र अजून होस्टेलच्या गच्चीवर वाळतायत. सबमिशन सोमवारी आहे.