काम कायमचे, मग माणूस कंत्राटी का?

सरकारी दवाखान्यातली कामे दोन तऱ्हेची असतात. एक काम असते प्रसंगापुरते. कोरोनाची लाट आली तेव्हा तात्पुरती भरती झाली, लाट ओसरल्यावर त्या माणसांना घरी पाठवले. त्यात त्यांच्यावर अन्याय झालाच, पण काम प्रसंगापुरते होते असे सरकारला निदान म्हणता तरी येते. दुसरे काम असते रोजचे. गरोदर बाईची तपासणी, बाळाची लस, क्षयरोग्याचे औषध, रक्ताचा नमुना, बाळंतपणाच्या खोलीची सफाई. ही कामे काल होती, आज आहेत आणि कागल तालुक्यात माणसे राहतात तोवर राहणार आहेत. या दुसऱ्या तऱ्हेच्या कामावरसुद्धा सरकार वर्षानुवर्षे कंत्राटी माणूस ठेवते. प्रश्न तिथेच आहे.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले. पुढे २०१३ मध्ये शहरी भागासाठी वेगळे अभियान आले आणि दोन्ही मिळून राष्ट्रीय आरोग्य अभियान झाले. यातला ६० टक्के पैसा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. या अभियानात नर्सबाई, एएनएम, लॅब टेक्निशियन, औषध निर्माता, समुदाय आरोग्य अधिकारी, क्षयरोग पर्यवेक्षक, शाळेतल्या मुलांना तपासणारे डॉक्टर, डाटा एंट्री ऑपरेटर अशी शेकडो पदे कराराने भरली गेली. साधारण अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग नवी ऑर्डर. अभियानाला वीस वर्षे झाली. पंचविशीत लागलेली सिस्टर आज पंचेचाळीस वर्षांची आहे. केस पिकले, पण कागदावर ती अजून 'तात्पुरती' आहे.

याचा आपल्या वस्तीशी काय संबंध?

काही जण म्हणतील, हा नोकरदारांचा प्रश्न आहे, त्यांची संघटना बघून घेईल. तसे नाही. पैसेवाला माणूस आजारी पडला तर गाडी काढून कोल्हापुरात खाजगी दवाखान्यात जातो. आपल्या वस्तीतला माणूस आधी उपकेंद्रात जातो, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग कागलच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून चिठ्ठी मिळाली तर सीपीआरला. सरकारी दवाखाना हाच आपला दवाखाना. तिथला माणूस टिकला नाही तर त्याची किंमत आपण मोजतो.

उपकेंद्र सपाट भागात साधारण पाच हजार लोकांमागे एक असते. तिथल्या एएनएमचे निम्मे काम रजिस्टरमध्ये असते आणि निम्मे तिच्या डोक्यात. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचे हिमोग्लोबिन कमी आहे, कुणाचे बाळ दीड महिन्याच्या लसीला आले पण अडीच महिन्याच्या लसीला आले नाही, ऊसतोडीला गेलेले कुटुंब कधी परतले, हे तिला ठाऊक असते. ही ओळख व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. कमी पगार आणि उद्याची खात्री नाही म्हणून ती सोडून गेली, की नवीन बाई येईपर्यंत आणि तिला वस्तीची ओळख होईपर्यंत बाळांच्या लसी राहून जातात. अनुसूचित जातीच्या मातेला ग्रामीण भागात सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये मिळतात. त्याचे कागदही तीच भरते. कागद अडला की पैसे अडतात.

क्षयरोगाचे तसेच आहे. साधा क्षयरोग असला तरी सहा महिने औषध न चुकता घ्यावे लागते. दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि माणूस गोळ्या सोडतो. अशा वेळी घरी येऊन, दोन शब्द सुनावून, पुन्हा गोळी चालू करायला लावणारा माणूस बहुतेक वेळा कंत्राटी असतो. पोषणासाठी मिळणारे महिना १,००० रुपये रोग्याच्या खात्यावर पडावेत म्हणून माहिती भरणाराही कंत्राटीच. अर्धवट सोडलेला क्षयरोग पुढे औषधाला दाद देत नाही आणि एका खोलीत पाच-सहा जण झोपणाऱ्या घरात तो एकट्यापुरता राहत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी बोलली जात नाही. ज्याची ऑर्डर दरवर्षी साहेबाच्या सहीवर अवलंबून आहे, तो साहेबापुढे तोंड उघडत नाही. औषधांचा साठा संपला, बाहेरून औषध आणायला सांगितले, आपल्या वस्तीतल्या बाईशी कुणी तुसडेपणाने वागले, तर हे पाहणारी कंत्राटी सिस्टर मनातून हळहळेल, पण लेखी देणार नाही. कायम नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हे. खरे बोलण्याची मोकळीक तिच्यातच असते. ती मोकळीक गेली की रुग्णाच्या बाजूने बोलणारे दवाखान्यात कुणी उरत नाही.

आरक्षणाला लागलेली वाळवी

कागलच्या लोकांना आरक्षण काय असते हे दुसऱ्याने शिकवायची गरज नाही. याच कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातील ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. कागल जहागिरीतल्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि तिथे महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. आज राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के आणि जमातींना ७ टक्के आरक्षण आहे. १९९० मध्ये कायदा बदलल्यापासून बौद्धांनाही अनुसूचित जातींमध्ये धरले जाते.

पण हे आरक्षण टिकते कायम पदावर. कंत्राटी जाहिरातीत आपल्या मुलीला राखीव जागेवर घेतले, तरी मिळते ती अकरा महिन्यांची खुर्ची. तिला सेवाज्येष्ठता नाही, पदोन्नती नाही आणि निवृत्तीनंतरची तरतूद नाही. सफाई, सुरक्षा, शिपाई ही कामे तर ठेकेदाराकडे गेली. ठेकेदार बिंदुनामावली ठेवत नाही. तरीही झाडू मारायला, जैविक कचरा उचलायला आणि शवागारात काम करायला त्याला माणसे नेमकी आपल्याच वस्तीतून मिळतात. तिथे मात्र शंभर टक्के आरक्षण! ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने सरकारी कामासाठी खाजगी एजन्सींमार्फत माणसे घेण्याची वाट मोकळी केली होती. तरुणांनी राज्यभर आवाज उठवला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला. आवाज उठवला तर फरक पडतो, हे त्यातून दिसले.

सरकारचा शब्द आणि न्यायालयाचे म्हणणे

२०२३ च्या दिवाळीच्या सुमारास आरोग्य अभियानातील कर्मचाऱ्यांनी राज्यभर काम बंद आंदोलन केले. त्यानंतर १४ मार्च २०२४ रोजी शासन निर्णय निघाला. दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना आरोग्य विभागातील समकक्ष पदांवर सामावून घ्यायचे, त्यासाठी ३० टक्के जागा ठेवायच्या आणि ७० टक्के जागा सरळसेवेने भरायच्या, असे त्याचे सूत्र. निर्णय कागदावर आला, अंमलबजावणी मात्र रेंगाळली. म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून कर्मचारी पुन्हा बेमुदत संपावर गेले. सरकारने आपणच काढलेला निर्णय पाळावा, एवढ्यासाठी संप करावा लागावा ही शोभणारी गोष्ट नाही.

कायम करायचे म्हटले की अधिकारी एक नाव पुढे करतात, उमादेवी. कर्नाटकातल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २००६ रोजी सांगितले, की मागच्या दाराने घेतलेल्यांना कायम करता येणार नाही. पण त्याच निकालात, मंजूर पदावर दहा वर्षे काम केलेल्या पात्र माणसांना एकवेळची बाब म्हणून कायम करावे, असेही म्हटले आहे. अधिकारी पहिला भाग वाचतात, दुसरा गाळतात.

२० डिसेंबर २०२४ रोजी जग्गो विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल लागला. केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षे झाडलोट आणि बागकाम करणाऱ्यांना एका फटक्यात काढून टाकले होते. न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने त्यांना परत घेऊन कायम करण्याचा आदेश दिला आणि उमादेवी निकालाचा वापर गरीब कामगारांविरुद्ध हत्यारासारखा करू नका, असे बजावले. न्या. वराळे हे कागलशेजारच्या निपाणीत जन्मलेले, आणि त्यांचे आजोबा बळवंतराव वराळे हे बाबासाहेबांचे निकटचे सहकारी. पुढे १९ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे आपल्याकडे संप सुरू झाला त्याच दिवशी, उत्तर प्रदेशातील धरम सिंग खटल्यात न्यायालयाने सांगितले, की सरकार हे संविधानाने बांधलेले मालक आहे. रोजची सार्वजनिक कामे करणाऱ्यांच्या पाठीवर त्याने आपले अंदाजपत्रक जुळवू नये.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच घरातून येतो. अभ्यासिकेत बसून भरतीची तयारी करणारी मुले-मुली विचारतात, "यांना कायम केले तर आमच्या जागा जाणार नाहीत का?" प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर असे, की जागा खातो तो कंत्राटी माणूस नव्हे. जागा खाते ती न निघालेली जाहिरात. ७० टक्के जागांची जाहिरात आणि ३० टक्क्यांचे समायोजन एकाच वेळी झाले पाहिजे. समायोजन करताना प्रत्येक माणूस त्याच्या बिंदूवरच दाखवला पाहिजे आणि अनुसूचित जाती-जमातींचा अनुशेष आधी भरला पाहिजे. हे झाले तर दोघांनाही न्याय मिळेल. नाही झाले, तर कंत्राटी सिस्टर आणि अभ्यासिकेतली मुलगी दोघी एकाच बंद दाराबाहेर उभ्या राहतील आणि आत ठेकेदार बसलेला असेल. त्यांनी एकमेकींशी भांडावे, हे सरकारच्या सोयीचे आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. तिजोरीवर भार पडेल, असे सांगतात. ओडिशा आपल्यापेक्षा श्रीमंत राज्य नाही. तिथे ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने कंत्राटी भरतीची पद्धतच रद्द केली आणि ५७ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना कायम केले. इच्छा असली की पैसा उभा राहतो. शिवाय समान कामाला समान वेतन हे सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ च्या जगजीत सिंग निकालात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केले आहे. ते देणे ही काही सरकारची मेहेरबानी नाही.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते, की माता आणि बाळाला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारने आणि मालकाने उचलावा. शंभर वर्षे होत आली. दुसऱ्यांची बाळंतपणे करणारी कंत्राटी सिस्टर स्वतःच्या बाळंतपणाच्या वेळी मात्र ऑर्डर संपेल का, या काळजीत असते.

आपण काय करायचे?

संप झाला की केंद्र बंद दिसते आणि आपला राग समोरच्या सिस्टरवर निघतो. तो राग योग्य पत्त्यावर गेला पाहिजे. संघटनांनीही बाळंतपण, लस आणि क्षयरोगाचे औषध संपातून वगळावे, अशी आपली स्पष्ट अपेक्षा असावी. त्यापलीकडे तीन कामे वस्तीने हाती घ्यावीत.

एक, माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्रांसाठी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे, ग्रामीण रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. विचारायचे एवढेच: मंजूर पदे किती, रिक्त किती, कंत्राटी किती, दहा वर्षे पूर्ण झालेले किती आणि त्यांतले १४ मार्च २०२४ च्या निर्णयाप्रमाणे किती जणांचे समायोजन झाले, अनुसूचित जाती-जमातींचा अनुशेष किती, सफाई कामगारांना ठेकेदार किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी देतो का.

दोन, उत्तर आले की ग्रामसभेत वाचा आणि ठराव करून घ्या. शहरात नगरपरिषदेला निवेदन द्या. गावच्या आरोग्य समितीत आणि रुग्ण कल्याण समितीत आपले प्रतिनिधी आहेत का, ते पाहा. नसतील तर मागणी करा.

तीन, मते मागायला येणाऱ्यांना विचारा. डिसेंबर २०२४ पासून राज्याचे सार्वजनिक आरोग्य खाते राधानगरीचे आमदार प्रकाश आबिटकर यांच्याकडे आणि वैद्यकीय शिक्षण खाते कागलचे आमदार हसन मुश्रीफ यांच्याकडे आले. ग्रामीण रुग्णालय एका खात्याचे, सीपीआर दुसऱ्या खात्याचे, आणि दोन्ही मंत्री आपल्याच जिल्ह्याचे. मुंबईला मोर्चा नेण्याआधी प्रश्न इथेच विचारता येतो.

मागण्या थोडक्यात अशा: १४ मार्च २०२४ च्या निर्णयाची तारीखवार अंमलबजावणी, समकक्ष पद नसलेल्यांसाठी नवी पदे, बिंदुनामावलीप्रमाणे समायोजन आणि त्याच वेळी सरळसेवेची जाहिरात, सफाई कामगारांना ठेकेदाराच्या हातातून सोडवून थेट नेमणूक, आणि ज्यांना सरकार अजून 'स्वयंसेविका' म्हणते त्या आशाताईंना कर्मचाऱ्याचा दर्जा.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा यातला पहिला अर्ज तिथेच लिहा. लिहिता येणाऱ्याने लिहावा, बाकीच्यांनी सह्या कराव्यात. जयभीम.