‘माल किती होता?’

पिकअपचा मालक बिघाड घेऊन सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर गेला की त्याला पहिला प्रश्न हाच येतो. ब्रेक लागत नसोत, स्टिअरिंग एका बाजूला ओढत असो, एक्सल तुटलेला असो, प्रश्न बदलत नाही. त्यामागचा युक्तिवाद असा, की पिकअपवाले क्षमतेपेक्षा जास्त माल भरतात म्हणून गाड्या बिघडतात. तेव्हा दोष मालकाचा, गाडीचा नव्हे. हा युक्तिवाद मला मान्य नाही.

त्यात खरे आहे ते आधी कबूल करतो. दीड टनाच्या गाडीत अडीच टन कांदा भरणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. गाडी मागे बसू नये म्हणून ते जादा कमान पाटे टाकून घेतात, आणि धोका तिथेच सुरू होतो. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. हौदा किती खाली बसला यावरून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा, हे तो ठरवतो. पाटे वाढवले की भरलेली गाडीही त्याला मोकळी वाटते. मागचे ब्रेक हलके लागतात, सगळा ताण पुढच्या चाकांवर येतो आणि घाटात ते तापतात. असे करणारा मालक स्वतःच्या आणि रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी खेळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये त्यासाठी 20,000 रुपये दंड आहे, वर जादा टनामागे 2,000. तो जरूर वसूल व्हावा.

पण काही मालक जादा माल भरतात, एवढ्यावरून प्रत्येक बिघाड मालामुळेच झाला असे ठरत नाही. आमचे दादा वाईहून पुण्याच्या मार्केट यार्डात घेवडा पोचवतात. एका सकाळी माल उतरवून, रिकामे क्रेट घेऊन ते खंबाटकी घाट उतरत होते, तेव्हा ब्रेकचे पेडल तळाला गेले. गिअर खाली आणत, हँडब्रेक ओढत त्यांनी गाडी डोंगराच्या कडेला घासून थांबवली. गाडी आठ महिन्यांची होती. सर्व्हिस सेंटरमध्ये प्रश्न आला, “माल किती होता?” दादा म्हणाले, “मोकळी होती.” समोरून उत्तर आले, “आज मोकळी होती हो, पण एरवी?” मास्टर सिलिंडरचे रबर बदलून मिळाले. जॉब कार्डवर मात्र लिहिले, ‘ब्रेक तपासले’. बिघाडाची नोंद कुठेच राहिली नाही. त्या दिवशी दादा घरी आले नसते, तर कागदावर चूक त्यांचीच ठरली असती, याचा मला आजही संताप येतो.

कारखान्यातून दोष येतच नाही, असे तर कंपन्याही म्हणत नाहीत. महिंद्राने 2021 मध्ये 29,878 पिकअप तपासणीसाठी परत बोलावल्या. जानेवारी 2020 ते फेब्रुवारी 2021 या काळात तयार झालेल्या त्या गाड्यांत फ्लुइड पाइपची जोडणी नीट झाली नसल्याची शंका होती. कंपनीने गाड्या निवडल्या त्या बनल्याच्या तारखांवरून. तिने स्वतःहून हे केले हे चांगलेच झाले. पण मग ज्या मालकाचा दोष कंपनीला अजून सापडलेला नाही, त्याचे म्हणणे मालाच्या एका प्रश्नात का उडवायचे?

“इतका दोष असता तर तक्रारींचा ढीग लागला असता,” हा दुसरा आक्षेप. पण चौकशीला ढीगच लागतो असे नाही. अमेरिकेत टोयोटाच्या टुंड्रा पिकअपची चौकट गंजत होती. तिथे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा दोष मिठाला किंवा गाडी न धुणाऱ्या मालकाला देऊन मोकळे होता आले असते. पण ऑक्टोबर 2009 मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने चौकशी सुरू केली, ती अवघ्या 20 तक्रारींवर. महिन्याभरात सुमारे 1,10,000 गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला. पुढे 2016 मध्ये टोयोटाने टुंड्रा, टॅकोमा आणि सिक्वोया मिळून सुमारे 15 लाख गाड्यांच्या चौकटींबाबत मालकांशी न्यायालयीन तडजोड केली. मीठ रस्त्यावर होतेच, पण चौकटीला गंजापासून पुरेसे संरक्षण नव्हते हेही तितकेच खरे होते. मीठ सोसेल अशी चौकट बनवणे हे बनवणाऱ्याचे काम आहे, जसे खड्डे आणि घाट सोसतील असे ब्रेक बनवणे आहे.

आपल्याकडेही 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आले आणि 1 एप्रिल 2021 पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांच्या तक्रारी त्यात मोजल्या जातात. मात्र रिकॉलसाठी तक्रारींची जी संख्या गाठावी लागते, ती विक्रीच्या आकड्याशी बांधलेली आहे. वर्षाला दहा हजारांहून जास्त विकल्या जाणाऱ्या कारसाठी ती 1,250 आहे. हप्त्यावर गाडी घेतलेला, एक खेप बुडाली तर महिन्याचे गणित कोलमडणारा माणूस सरकारच्या रिकॉल पोर्टलवर तक्रार भरत बसेल कधी? त्याची तक्रार गॅरेजात बोलली जाते आणि तिथेच विरते. तक्रारी कमी दिसतात त्या यामुळे.

म्हणून माझे म्हणणे असे. जादा मालाचा दंड आणि गाडीच्या दोषाची चौकशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच ठेवाव्यात. बिघाड ब्रेकचा, स्टिअरिंगचा किंवा एक्सलचा असेल, तर काय निकामी झाले आणि का, हे सर्व्हिस सेंटरने जॉब कार्डवर लिहिलेच पाहिजे, आणि अशा बिघाडाची चौकशी सुरू करायला 20 तक्रारी आपल्याकडेही पुरल्या पाहिजेत.

आणि पिकअपवाल्या भावांनो, गाडी ताब्यात घेताना जॉब कार्ड वाचा. बदललेला भाग, किलोमीटर आणि त्या वेळी गाडीत असलेला माल, तिन्ही त्यावर लिहून घ्या. मोकळी असेल तर ‘मोकळी’ असे लिहून घ्या. मग त्याच दिवशी पोर्टलवर तक्रार नोंदवा.