खजिना रिता झाला म्हणजे दार कोणाचे बंद होते?



निवडणूक जवळ आली की उमेदवार आपल्या वस्तीत येतो. विहारापुढील पटांगणात खुर्च्या मांडल्या जातात, बाबासाहेबांच्या तसबिरीस हार घातला जातो आणि सभामंडपाचे, कमानीचे, गल्लीत फरशी बसविण्याचे आश्वासन मिळते. आपणही टाळ्या वाजवून घरी जातो. दीक्षा घेऊन आपण देवापुढे नवस बोलणे सोडले. परंतु उमेदवारापुढे नवस बोलण्याची सवय अद्याप सुटलेली नाही, हे कटू असले तरी खरे आहे. राज्यसरकारच्या तिजोरीत पैसा कमी पडतो, त्या वेळी हे सरकार पहिला हात कोणाच्या ताटाला घालते, हा प्रश्न आपण त्यास कधी विचारला आहे काय?

हा प्रश्न हवेतला नव्हे. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली आणि एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे एकूण उत्पादन आदल्या वर्षाच्या मानाने जवळजवळ चतुर्थांशाने घसरले. ४ मे २०२० रोजी महाराष्ट्र शासनाच्या वित्त विभागाने निर्णय काढला : अर्थसंकल्पातील विकासखर्चाच्या केवळ ३३ टक्के रक्कम मिळेल, आणि सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण यांसारखी खाती वगळता नवी पदभरती होणार नाही. तिजोरी रिकामी होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु शासनाने ज्या दाराला कडी घातली, त्या दारातून कोण आत जात होते, हे पाहिले पाहिजे. ज्याच्या घरी दुकान आहे, जमीन आहे, कारखान्यात ओळख आहे, त्याच्या मुलास सरकारी नोकरी हा अनेक मार्गांपैकी एक मार्ग असतो. आपल्या मुलास बहुधा तोच एक मार्ग असतो. कारण राखीव जागा सरकारी सेवेत आहेत, खासगी कंपनीत नाहीत. भरती थांबली म्हणजे आरक्षणही थांबले. त्यासाठी घटनेतील एक अक्षरही बदलावे लागले नाही.

पुण्यामुंबईत खोली घेऊन स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांची त्या काळात जी दशा झाली, ती पुष्कळ घरांनी भोगली आहे. परीक्षा पुनःपुन्हा पुढे गेली. मार्च २०२१ मध्ये आणखी एकदा ती पुढे ढकलताच पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि शासनाने त्याच महिन्यात ती घेतली. मागणी करणारा उभा राहिला की तारीख सापडते!

आता दुसरी बाजू पाहा. त्याच २०२० साली, सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर, ह्याच शासनाने शहरांतील घरखरेदीवरील मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणले. पुढील मार्चअखेरपर्यंत ते तीन टक्के ठेवले. घरांची विक्री वाढावी, बांधकाम सुरू राहावे आणि मजुरांस काम मिळावे, हा त्यामागील युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. नोंदणी खरोखरच वाढली. तरीही मंदीत सदनिका विकत घेण्याची ऐपत असलेल्यास सवलत, आणि परीक्षा देऊन नोकरी मागणाऱ्यास थांबण्याचा हुकूम, हा क्रम कोणत्या न्यायाने लावला, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. करात दिलेली सूट हाही खर्चच असतो. तो कोणाच्या नावे मांडला जातो, एवढाच प्रश्न.

मदत मुळीच झाली नाही, असेही आमचे म्हणणे नाही. शिवभोजनाची थाळी मार्च २०२० मध्ये दहा रुपयांवरून पाच रुपयांवर आली. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी बांधकाम मजूर, फेरीवाले व रिक्षाचालक यांस प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर झाले. परंतु ते नोंदणी झालेल्यांस! नाक्यावर उभे राहून रोज नवा मुकादम शोधणाऱ्या मजुराची नोंदणी कोण करणार? ज्याच्यापाशी कागद नाही, तो सरकारच्या लेखी उपाशीही नाही. येथे थोडा दोष आपल्याकडेही येतो. आपल्या किती मंडळांनी जयंतीच्या वर्गणीची यादी करतात तितक्या निष्ठेने वस्तीतील मजुरांच्या नोंदणीची यादी केली?

राज्यसरकार म्हणते, आमचे हात केंद्राने बांधले आहेत. ह्यात तथ्य आहे. राज्यास नोट छापता येत नाही; केंद्राचे देणे बाकी असता केंद्राच्या संमतीवाचून कर्जही काढता येत नाही. २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांचे कर बसविण्याचे स्वातंत्र्य आणखी आक्रसले, आणि २०२० मध्ये त्या कराची भरपाई अडली, तेव्हा केंद्र व राज्ये यांच्यात कित्येक महिने वाद चालला. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी व्हावी, ह्या विषयावर बाबासाहेबांनी १९२५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला होता, हे आपल्या तरुणांनी ध्यानी घ्यावे. अर्थसंकल्प वाचणे हा पांढरपेशांचा मक्ता नव्हे.

शिष्यवृत्तीचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा साठ टक्के भार स्वतःवर घेतला व चाळीस टक्के राज्यांवर ठेवला. राज्याने आपला वाटा दिल्यावर केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात जातो, अशी रचना झाली. म्हणजे राज्याने चाळीस अडविले की साठही अडतात. इकडे महाविद्यालय शुल्कासाठी गुणपत्रिका अडवून धरते, आणि बाप सावकाराकडे जातो. ही अडवणूक कोणत्या टेबलावर होते, हे उमेदवारास ठाऊक नसेल, तर त्याने ते शिकून मग मत मागावयास यावे.

मंदीत मतदाराने काय मागावे, ह्याचा पाठ आपणांस पूर्वीच मिळाला आहे. १९२९ नंतर शेतमालाचे भाव कोसळले, मुंबईच्या गिरण्यांत मजुरी कापली गेली, १९३४ साली गिरणी कामगारांनी मोठा संप केला. त्या होरपळीनंतर १९३७ च्या आरंभी मुंबई इलाख्यात निवडणूक झाली. मताचा हक्क मालमत्ता व शिक्षण ह्यांवर बेतलेला असल्यामुळे आपल्या आज्या-पणज्यांपैकी बहुतेकांस तो नव्हताच. तरीही १९३६ साली काढलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने बाबासाहेबांनी कुळे, भूमिहीन व गिरणी कामगार ह्यांचे प्रश्न पुढे मांडले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील कुळांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली.

तसेच १९७२ च्या दुष्काळाचे. त्या वर्षी सुरू झालेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले, आणि तिच्या खर्चासाठी नोकरदार व व्यावसायिक ह्यांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसला. संकटात ज्याचे उत्पन्न टिकले आहे त्याने, ज्याचे बुडाले आहे त्याच्या कामाचा खर्च उचलावा, हे तत्त्व ह्याच महाराष्ट्राने एकदा मान्य केले होते. म्हणून ‘पैसा नाही’ हे उत्तर ऐकून आपण स्वस्थ बसू नये. पैसा कोणाकडून घेतला नाही, ते विचारावे.

२०२३ च्या सप्टेंबरात बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय शासनाने काढला आणि राज्यभर विरोध होताच ऑक्टोबरात तो मागे घेतला. तो पुन्हा निराळ्या नावाने येणार नाही, अशी हमी कोणी द्यावी? तिजोरी आटली की असे निर्णय सुचतातच.

तेव्हा पुढील सभेस जाताना एक काम करा. आपल्या वस्तीत किती मुलांची शिष्यवृत्ती अडली आहे, कोणत्या वर्षाची व किती रुपयांची, त्याची यादी दोन प्रतींत लिहून न्या. एक उमेदवाराच्या हाती द्या आणि दुसरीवर त्याची सही घ्या. सभामंडपाचे नंतर पाहू.