आजीच्या घरात ग्रामोफोन नव्हता

भाचीचा पहिला वाढदिवस घरीच करायचा आणि थीम ‘रेट्रो’ ठेवायची, असं आमच्या फॅमिली ग्रुपवर ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त बदाम मीच टाकले होते. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे त्यात आरोपींच्या यादीत माझंही नाव धरा.

तयारी जोरात होती. निमंत्रणासाठी बाळाचा फोटो मर्फी रेडिओच्या जाहिरातीतल्या बाळासारखा काढायचा, ओठांवर बोट ठेवून. बोट काही केल्या ओठांवर राहीना, थेट तोंडात जायचं. चाळीस फोटो झाले, बाळ रडून झोपलं, शेवटी एका अ‍ॅपने बोट जागेवर बसवून दिलं. डेकोरेशनवाला पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन, डायल फिरवायचा काळा फोन आणि पुठ्ठ्याची स्कूटर भाड्याने आणणार होता. पाहुण्यांनी पोल्का डॉट घालून यायचं. बायकांनी केसांचा फुगा काढायचा. रिटर्न गिफ्टच्या पिशवीत लिमलेटच्या गोळ्या.

हे सगळं मोबाईलवर दाखवल्यावर आजीने विचारलं, “रेट्रो म्हणजे काय गं?”

“तुमच्या वेळचं, आजी.”

तिने स्क्रीन जवळ घेतली, लांब धरली. “आमच्या घरात असलं काही नव्हतं,” म्हणाली, आणि परत शेंगा सोलायला लागली.

माझी तक्रार इथून सुरू होते.

आजीचं लग्नानंतरचं घर खटाव तालुक्यातलं, दोन खणांचं. ग्रामोफोन तिने सिनेमात पाहिला. फोन गावात एकच, पोस्टात. रेडिओ घरात आला तो पुष्कळ वर्षांनी, आणि त्याचं लायसन पोस्टात पैसे भरून काढावं लागायचं. स्कूटरचं तर नावच नको. शहरातल्या पगारदारालाही नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. म्हणजे आपण ज्याला ‘आजी-आजोबांचा काळ’ म्हणून भिंतीवर चिकटवतो, तो बहुतेकांच्या आजी-आजोबांचा नव्हताच. तो हिंदी सिनेमाच्या सेटवरचा आणि मूठभर घरांच्या दिवाणखान्यातला काळ होता. शेण सारवलेली जमीन, रॉकेलची रांग, रेशनचा लाल गहू यांचं पॅकेज कुणी विकत नाही. गरिबी थीममध्ये बसत नाही, म्हणून आपण दुसऱ्यांचा भूतकाळ भाड्याने आणतो आणि त्याला ‘आपली मुळं’ म्हणतो.

बरं, जे खरोखर आपलं होतं त्याचं काय झालं? मालेगावजवळच्या रावळगावच्या गोळ्या आपल्यापैकी अनेकांच्या आईबापांनी सुट्ट्या पैशांत घेतल्या. 2024 मध्ये ती नावं एका मोठ्या उद्योगसमूहाच्या कंपनीने 27 कोटींना विकत घेतली. कॅम्पा कोलाही त्याच समूहाकडे गेला आणि पुन्हा बाजारात आला. चेतक परत आली ती विजेवर धावत. यात बेकायदा काही नाही, चोरी तर नाहीच. फक्त आपल्याला जी हळवी आठवण वाटते ती कुणाच्या तरी ताळेबंदात मालमत्ता म्हणून लिहिलेली असते, एवढं भान ठेवावं. आणि जिला आठवण असणंच शक्य नाही अशा एक वर्षाच्या मुलीच्या डोक्यावर ती मालमत्ता ठेवून फोटो काढताना तर नक्कीच ठेवावं.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. पहिला वाढदिवस ही काही कुठल्या कार्ड कंपनीने शोधलेली तारीख नाही. सरकारी आकडेवारीत ‘अर्भक मृत्युदर’ नावाचा एक रकाना असतो. हजार जिवंत जन्मांमागे किती मुलं पहिल्या वाढदिवसाआधी गेली, ते त्यात मोजतात. 1971 मध्ये भारतात हा आकडा 129 होता. म्हणजे साधारण आठांत एक. 1990 मध्ये, नव्वदच्या दशकाची थीम करणाऱ्यांनी हे खास वाचावं, तो 80 होता. 2020 मध्ये 28.

या उताराचं श्रेय कुठल्याही ब्रँडचं नाही. स्वच्छ पाणी, बायकांचं शिक्षण, दवाखान्यातली बाळंतपणं, 1985 पासूनचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम, ओआरएसची पुडी. आणि महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर गडचिरोली. तिथे अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांतल्या त्या कामाचा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बाळं तपासण्याचा देशव्यापी कार्यक्रम आला, त्यामागे हे काम आहे. खांद्याला पिशवी, पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन दारात उभी राहिलेली बाई. पहिल्या वाढदिवसाच्या भिंतीवर कुणाचं चित्र लावायचंच असेल तर तिचं लावा.

त्या रात्री भांडी आवरताना आजी आपणहून बोलली. बाबांच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, 1969 साली. दहा महिन्यांचा असताना गोवर आला, मग छाती भरली. गोवराची लस त्या गावात पोचायला अजून बरीच वर्षं होती. “वाढदिवस करायचा राहिला,” एवढंच म्हणाली, दूध विरजायचं राहिलं म्हणावं तशा आवाजात. त्याचा फोटो नाही. मी तीस वर्षांची आहे आणि घरातली ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली, तीही कुणी ग्रामोफोनचा फोटो दाखवला म्हणून.

रेट्रो थीममधला माझा आक्षेपाचा मुद्दा हाच. ती जुन्या वस्तू आणते आणि जुनी माणसं कोपऱ्यात खुर्चीवर बसवते, हातात ‘ओल्ड इज गोल्ड’ची पाटी देऊन. ज्यांच्या काळाचा उत्सव चालू आहे त्यांना त्या काळाबद्दल एक प्रश्न विचारायला कुणाला सवड नसते, कारण केक कापायचा असतो आणि फोटोग्राफरची वेळ संपत आलेली असते.

आणि जिचा वाढदिवस, ती? वर्षाच्या आसपास मुलांना अनोळखी चेहऱ्यांची भीती वाटते, हे कुठलीही आई सांगेल. तिच्यापुढे आपण पन्नास अनोळखी चेहरे उभे करतो, तेही नकली मिशा लावून. दुपारच्या झोपेच्या वेळी स्पीकर लावतो. फुटलेल्या फुग्याचा तुकडा किंवा लिमलेटची गोळी या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकते, पण सजावटीत नेमक्या याच दोन गोष्टी मुठीमुठीने असतात. दोन वर्षांच्या आत साखर नको म्हणून बालरोगतज्ज्ञ कानीकपाळी ओरडतात. आपण अख्खा केक तिच्यापुढे ठेवून तिचं तोंड त्यात जाईपर्यंत व्हिडिओ काढतो.

आता तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण वहिनीने ते मला ऐकवलं. “तिला काही आठवणार नाही हे कळतं गं मला. पण वर्षभर झोपले नाहीये मी. टाके, ताप, दूध, ऑफिस. हा दिवस माझा पण आहे.” शंभर टक्के खरं आहे. हौसेला मोल नसतं, आणि आईच्या हौसेवर नाक मुरडणारे लोक बापाच्या आयपीएलवर मुरडत नाहीत. माझं म्हणणं इतकंच, की मग आईचा दिवस म्हणून करा. तिला झोपू द्या. आपल्या गोतावळ्यात तर ‘घरगुती’ वाढदिवसाचा अर्थ असा, की हॉलचं भाडं वाचतं आणि ते काम वहिनीच्या अंगावर पडतं. आमच्याकडे आदल्या रात्री दोन वाजता ती पुठ्ठ्याच्या स्कूटरला चाक चिकटवत होती.

खरंच जुनं काही करायचं असेल तर आपल्याकडे ते तयार आहे. संक्रांत ते रथसप्तमीदरम्यानचं बोरन्हाण आठवा. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. म्हटलं तर थीम पार्टीच ती. पण तिची रचना बघा: खाऊ खाली सांडतो आणि गल्लीतली सगळी पोरं तो वेचायला तुटून पडतात. तिथे मुलांना काम आहे, आमंत्रणाची भानगड कमी आहे, आणि अर्ध्या तासात बाळ पुन्हा आईच्या मांडीवर. वाढदिवसालाही सकाळी बाळाची झोप झाल्यावर औक्षण करा. दहा माणसं जेवायला बोलवा. बाळाला पहिले तीन महिने न्हाऊमाखू घालणाऱ्या मावशींना बोलवा आणि पाहुणी म्हणून पानावर बसवा, सरबताचा ट्रे हातात देऊन उभं करू नका. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की तुमचं पहिलं बाळ कसं होतं. फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा. स्मार्टफोनचा याहून चांगला उपयोग त्या दिवशी होणार नाही.

आमचा ग्रामोफोन आलाच. ॲडव्हान्स परत मिळत नव्हता. पण सकाळी औक्षण झालं, मावशी जेवल्या, आणि वहिनी दुपारी दोन तास दार लावून झोपली. संध्याकाळी पाहुण्यांनी पोल्का डॉटमध्ये फोटो काढले. छान आले, खोटं कशाला बोलू.

आजीने भाचीला ओवाळताना तिच्या कानाशी काहीतरी म्हटलं. नंतर विचारलं तेव्हा सांगितलं, तिने त्या मुलाचं नाव घेतलं होतं. ते मी इथे लिहीत नाही. ते नाव आमच्या घरात छप्पन्न वर्षांनी पुन्हा उच्चारलं गेलं, आणि ते कुठल्याही भिंतीवर चिकटवायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे.