जिन्यावरचा जुना गालिचा

आमच्या जिन्यावरचा गालिचा आईसाठी अंथरला होता. गुळगुळीत पायरीवरून तिचा पाय एकदा घसरला होता. पंधरा वर्षांनी तोच गालिचा धाकट्या लेकासाठी काढावा लागला. पावसाळ्यात त्याला रात्री खोकल्याची उबळ येई, छातीतून शिट्टीसारखा आवाज येई. डॉक्टरांनी धुळीच्या ॲलर्जीचे निदान केले.

डस्ट माइट हा जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचा जीव. आपल्या त्वचेचे गळून पडणारे कण हे त्याचे अन्न. पाणी तो दमट हवेतून शोषून घेतो. त्याच्या विष्ठेतील प्रथिने ॲलर्जीस कारणीभूत ठरतात आणि पावलागणिक गालिच्यातून उडतात.

गालिचा उचलताना ही धूळ एकदम मोकळी होते. म्हणून त्या दिवशी मुले, वृद्ध व दमेकरी यांना घराबाहेर पाठवावे. खिडक्या उघडाव्यात. काम करणाऱ्याने एन-९५ मास्क, जाड हातमोजे व बूट घालावेत. पाण्याचा हलका फवारा मारून वरच्या पायरीपासून आरंभ करावा. लहान तुकडे कापून, गुंडाळून, पिशवीत बांधावेत. खिळे पक्कडीने उपटून डब्यात टाकावेत. वाळलेला गोंद कोरडा खरवडू नये; फार जुन्या घरांत त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा आधी जाणकाराला दाखवावा. शेवटी झाडू न वापरता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

हे सारे आम्ही नीट केले. संध्याकाळी आई परतली आणि पहिल्याच पायरीशी थबकली. "आता मी वर कशी येऊ रे?" तिने विचारले. त्या प्रश्नाचा विचार आम्ही केलाच नव्हता. दोन रात्री ती खालच्या खोलीत निजली. मग प्रत्येक पायरीच्या कडेला उठून दिसणाऱ्या रंगाची खरबरीत पट्टी लावली, भिंतीच्या बाजूलाही कठडा बसवला, दिव्याची बटणे वर व खाली घेतली. पायमोजे घालून जिना चढण्यास घरात बंदी झाली.

केवळ गालिचा काढल्याने दमा जात नाही. लेकाचा इनहेलर डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार चालूच आहे; चादरी व अभ्रे दर आठवड्यास ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुतले जातात.

आपणही गालिचा काढणार असाल, तर पट्ट्या व कठडा यांची सिद्धता आधी करावी. तो ज्यांच्यासाठी अंथरला होता, त्यांना प्रथम विचारावे.